काळा गूळ, डागी डाळिंब आणि सेंद्रियचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सेंद्रिय अन्नावरचा लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण ‘औषध न मारलेलं ते सेंद्रिय’ असं एका ओळीत उरकून पुढे सेंद्रिय माल ओळखायच्या ज्या खुणा दिल्यात (आकार लहान, जरा किडका, रंग फिका, वास जास्त) त्या वाचून मी कपाळाला हात लावला. या खुणा खऱ्या धरल्या तर सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत रात्री उशिरा उरणारा सगळा माल सेंद्रियच म्हणावा लागेल.

मी जुळे सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. हाताखाली चार-पाच बायका आहेत. माल पुण्याला, मुंबईला, थोडा बेंगळुरूला जातो. अलीकडे फोनवरचा पहिला प्रश्न बदललाय. पूर्वी विचारायचे, “काकू, किती दिवस टिकते?” आता विचारतात, “काकू, ज्वारी ऑरगॅनिक आहे ना?” पलीकडच्या माणसाला हो किंवा नाही हवं असतं, आणि मला सरळ हो म्हणता येत नाही, सरळ नाही म्हणणंही ज्वारीवर अन्याय होतो. म्हणून हे पत्र.

माझी बहुतेक ज्वारी माहेरची, मंगळवेढा तालुक्यातली. काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि मालदांडी वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझा थोरला भाऊ, अण्णा, परतीच्या पावसाची ओल बघून सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात पेरतो आणि मग काढणीपर्यंत पीक त्याच ओलीवर आणि थंडीवर येतं. फवारणी तो करत नाही. तत्त्व वगैरे काही नाही. कोरडवाहू ज्वारीत औषधाचे पैसे घातले तर हाती काय उरणार? माव्याचा चिकटा पडला तर पडला, कडबा काळा होतो, तेवढं सोसायचं. आपल्या लेखाच्या व्याख्येत ही ज्वारी अगदी फिट बसते. नियमात बसत नाही.

कारण बियाण्यापासूनच गाडी अडते. घरचं बी हलकं पडायला लागलं की अण्णा दुकानातून पिशवी आणतो. त्यातलं बी लालभडक किंवा गुलाबी असतं. तो रंग म्हणजे औषध चोळल्याची खूण, खोडमाशी लागू नये म्हणून. सेंद्रियच्या नियमात असं बियाणं चालत नाही. गंधक चोळलेलं चालतं. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळायची शिफारस जुनीच आहे, आणि आमचे वडील ते करायचे. पण आता दुकानात बिनऔषधाचं बी मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच संशयाने बघतो. पेरताना दोन चाड्यांची पाभर असते. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून गोणीतलं खत. थोडंच पडतं, पण पडतं. अण्णाला शेणखत नको आहे असं नाही. दावणीला पूर्वी सहा-सात जनावरं होती, आता एक म्हैस. युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते आणि शेणखताच्या ट्रॉलीला हजारांत पैसे मोजावे लागतात, तेही ओळख असेल तर.

बरं, अण्णाने उद्या बी बदललं, गोणी बंद केली, तरी बांधापलीकडे ऊस आहे. उसातलं तण जाळायला टू-फोर-डी मारतात. वारा इकडचा असला की ते इकडे येतं. डाळिंबवाले आणि द्राक्षवाले या एका औषधाला किती घाबरतात ते विचारून बघा. म्हणून नियमात बांधाकडेचा पट्टा सोडून द्यायला सांगितलाय, त्यातलं पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. आणि एवढं सगळं पार पडून धान्य घरात आलं तरी ते तिथे राहतं कशात? आमच्याकडे पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आतून कडब्याने मढवलेली, तोंड बंद केलं की आत किडा जगत नसे. ती केव्हाच बुजली. आता पोती, आणि पोत्यांच्या थप्पीत अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. शेतात सेंद्रिय असलेली ज्वारी गोदामात तशी राहत नाही.

तेव्हा सेंद्रिय हा दाण्याचा गुण म्हणून दाण्यात शोधायचाच नाही. बियाण्यापासून पाकिटापर्यंत काय काय केलं आणि काय केलं नाही, याचा तो हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की वही आली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीची केंद्राची संस्था, तो बघते. रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक, तणनाशक, जनुक बदललेलं बियाणं यांतलं काही त्यात चालत नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं जमीन अशी सांभाळावी लागते. त्या मधल्या काळात कष्ट सेंद्रियचे, उतारा कमी आणि भाव मात्र साधा. बियाणं कुठून आणलं, काय टाकलं, किती निघालं, कुणाला विकलं, हे सगळं लिहून ठेवायचं. तपासनीस येऊन शेत आणि वही ताडून बघतो. शेतातून निघालेल्या मालापेक्षा विकलेला माल जास्त भरला की चोरी तिथेच सापडते. प्रयोगशाळेत न जाताही.

उलट बाजूने, ‘औषध न मारलेलं’ हेही चुकीचं आहे. सेंद्रिय शेतात फवारे होतात. निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, गंधक, आणि मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार) व चुन्याचं बोर्डो मिश्रणही मर्यादेत चालतं. फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांतून १८८० च्या दशकात ते आलं, आणि तांबं हा काही सौम्य पदार्थ नव्हे. जमिनीत साठत जातो. म्हणूनच त्याला मर्यादा घातली आहे. कोणी विक्रेता छातीठोकपणे ‘आमच्या बागेत फवारणीच नाही’ म्हणाला आणि डाळिंब आरशासारखं चकचकीत निघालं, तर मी तरी दोन प्रश्न जास्त विचारीन.

डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. माझे धाकटे दीर सांगोल्याकडे भगवा जातीचं डाळिंब लावून आहेत. तेल्याने त्या पट्ट्यात बागाच्या बागा काढायला लावल्या, हे आपल्याच अंकात वेळोवेळी आलंय. तेल्या हा जिवाणूचा रोग. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं. त्यावर वर्षानुवर्षं तांब्याची औषधं मारली गेली, जोडीला स्ट्रेप्टोसायक्लीन, म्हणजे चक्क प्रतिजैविक. आता गंमत बघा. अशा बागेतलं डागी फळ हातगाडीवर येतं आणि गाडीवाला म्हणतो, “ताई, गावरान आहे, औषधाचं नाही, म्हणून डाग आहेत.” तो डाग औषध न मारल्याचा नसतो, औषध मारूनही न थांबलेल्या रोगाचा असतो. वांग्याचं तेच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा वांग्यात शिरली की वरचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. शेतकरी पुन्हा मारतो, बदलून मारतो. मंडईतलं किडकं वांगं सगळ्यात जास्त फवारे खाल्लेलं असू शकतं. आपल्या पुरवणीतली ‘जरा किडका’ ही खूण म्हणून मला सर्वात धोक्याची वाटली.

भाऊजींचा काही माल युरोपला जातो. तो सेंद्रिय नाही. त्यावर औषधं मारलेली असतात, पण कुठलं, कधी, तोडणीच्या किती दिवस आधी, हे ठरलेलं असतं. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिकडच्या मर्यादेपेक्षा अवशेष जास्त निघाले तर गाडी परत. द्राक्षांसाठी अशी माग काढायची व्यवस्था अपेडाने २००६ मध्येच सुरू केली, ग्रेपनेट नावाने. पुण्यात ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून जो माल विकतात तो या जातीचा. तो चांगला असू शकतो. पण सेंद्रिय नव्हे. एकात शेवटी किती उरलं ते मोजतात, दुसऱ्यात वाटेत काय वापरलं ते. दुकानदार दोन्ही पाट्या एकाच फळीवर लावतो आणि दर सेंद्रियचा घेतो.

तुमच्या लेखाने साध्या मालाला सरसकट ‘विषारी’ म्हटलंय, तेही मला पटलं नाही. प्रत्येक औषधाला कुठल्या पिकावर किती मारायचं, फवारणी आणि तोडणीत किती दिवस जाऊ द्यायचे, हे ठरवून दिलेलं असतं. डब्यावर छापलेलं असतं, लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोणही असतो. अन्नात किती अवशेष चालतील याची मर्यादा आहे. हे पाळलं तर माल खाण्याजोगा असतो, आणि देशाचं पोट त्यावरच भरतंय. दुखणं आहे ते न पाळण्याचं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. ज्या औषधाला पाच-सात दिवस थांबायला सांगितलंय ते मारून परवा भेंडी मंडईत आली, तर तो शेतकरी तरी काय करणार? भेंडी थांबत नाही. आणि आंतरप्रवाही औषध असेल तर ते फळाच्या आत गेलेलं असतं. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून काही उपयोग नाही.

सेंद्रिय मालातही अवशेष अगदी शून्य असावेत असं कायदा म्हणत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. जमीन, पाणी, वारा यांतून काही ना काही येतंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नासाठी जे नियम केले त्यात ही मर्यादा साध्या मालाच्या मर्यादेच्या पाच टक्के, किंवा यंत्राला जेवढं किमान मोजता येतं तेवढी, यांपैकी जी जास्त ती, अशी धरली आहे. म्हणजे फरक आहे, मोठा आहे, पण तो डोळ्यांना दिसणारा नाही.

पोषणाबद्दल तर फोनवर मला काय काय ऐकावं लागतं! एका बाईंनी सेंद्रिय ज्वारीने शुगर जाते असं मला सांगितलं. ज्वारीने काय होतं ते होतं, ती कशीही पिकवा. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं ठळक जास्त असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अवशेष मात्र कमी वेळा सापडले. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळींनी साडेतीनशेच्या आसपास अभ्यास घेतले, तेव्हा सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला; प्रथिनं उलट थोडी कमी. यातून ज्याला जो अर्थ काढायचा तो त्याने काढावा. मी गिऱ्हाईकाला पोषणाच्या नावावर जास्त पैसे मागणार नाही.

मला विचाराल तर सेंद्रियचा खरा फायदा खाणाऱ्याच्या आधी फवारणाऱ्याला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्यांनी तो पंप पाठीवर घेतला ती माणसं पुण्याच्या दुकानात ऑरगॅनिकची फळी बघायलाही जाणार नव्हती. आपण स्वतःच्या ताटातल्या कणाचा विचार करतो, आणि तोंडाला नुसता गमछा बांधून डाळिंबाच्या ओळीत चालणारा माणूस आपल्या लेखांत कुठे येतच नाही.

आणि खुरपणी. तणनाशक नको म्हटलं की तण उपटायला बायका लागतात. सेंद्रिय माल महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे: वाकून, उन्हात, दिवस दिवस. त्या जास्तीच्या पैशातला किती त्या बायकांपर्यंत पोचतो? माझ्या माहितीत फारसा नाही. बांधावरून पाकिटात जाईपर्यंत मधल्या हातांनीच तो वाटून घेतलेला असतो.

गुळाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सोलापूर जिल्ह्यात राहून गुळात फसायचं म्हणजे फारच झालं. आमच्या भागातल्या एका दुकानात काळाकुट्ट गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून साध्या गुळाच्या जवळजवळ दुप्पट दराने मिळतो. मी विचारलं, ऊस कुणाचा? उत्तर आलं, “ऊस कुणाचाही असू दे, गुळात केमिकल नाही ना!” इथेच सगळा घोटाळा आहे. गुऱ्हाळावर रस काहिलीत उकळताना मळी काढायला भेंडीचा रस, थोडा चुना वापरतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉस, म्हणजे रंग उडवणारं रसायन, टाकतात. ते टाकलं नाही ही चांगलीच गोष्ट. पण उसाला युरिया, तणनाशक सगळं दिलेलं असेल तर तो हायड्रॉस न टाकलेला गूळ झाला, सेंद्रिय नाही. शिवाय काळा रंग म्हणजे शुद्धतेची हमी हेही खोटं. रस जास्त कढला, चुलाण जास्त तापलं, ऊस खारवट जमिनीतला असला, तरी गूळ काळपट येतो. खारवट जमिनीचा तर चवीलाही कळतो. वाया जायचा गूळ आता दुप्पट दराने जातोय आणि घेणारा खूश आहे. लाकडी घाण्याच्या तेलाचं, गावरान अंड्यांचं हेच. घाणा लाकडी असला म्हणून करडई सेंद्रिय होत नाही, आणि कोंबडी गावठी असली तरी तिने खाल्लेला मका कुठला हा प्रश्न उरतोच.

यात पुन्हा नैसर्गिक शेती वेगळी. सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं जीवामृत आमच्या गावातही दोघे-तिघे करतात: दहा किलो देशी गाईचं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, दोनशे लिटर पाणी, एकराला एवढं. पाळेकर स्वतः आपल्या पद्धतीला सेंद्रिय म्हणत नाहीत, गांडूळखतालाही त्यांचा विरोध आहे. त्यांचं बरोबर की चूक ते शेतकऱ्याने ठरवावं. पण दुकानात ‘नॅचरल’ लिहिलेल्या पाकिटामागे ना जीवामृत असतं ना वही. पीक कसं पिकवलं याची हमी हा शब्द देत नाही.

माझी स्वतःची गोष्ट एवढीच की, पाकिटं छापायला दिली तेव्हा छापणारा म्हणाला, “ताई, वरती ऑरगॅनिक टाकू का? हिरवं पान पण टाकतो. चाळीस रुपये जास्त मिळतील, सगळेच टाकतात.” मी नको म्हटलं. पाकिटावर माझा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. सेंद्रिय म्हणून विकायचं तर अपेडाच्या व्यवस्थेचं नाहीतर पीजीएसचं (शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची हमी घ्यायच्या पद्धतीचं) प्रमाणपत्र लागतं आणि सेंद्रियचं सरकारी चिन्ह लागतं. खोटं लेबल लावलं तर अन्नसुरक्षा कायद्यात तीन लाखांपर्यंत दंड आहे. छोट्या शेतकऱ्याने आपला माल थेट खाणाऱ्याला विकला तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मी विकत घेऊन, भाजून, कांडून विकते. माझ्या चटणीत शेंगदाणा, लसूण, तिखट, जिरं असतं. मीठ-पाणी सोडून यातलं पंचाण्णव टक्के प्रमाणित हवं. शेंगदाणा कधी कर्नाटकातून येतो, कधी गुजरातेतून. त्याची वही मी कुठून आणू? तेव्हा चटणीच्या बाबतीत मी फोनवर सरळ सांगते: साधी आहे, ताजी आहे. ज्वारीच्या बाबतीत सांगते: फवारलेली नाही, कागद नाही. दहातले सहा जण यावर समाधानी होतात. बाकीचे दुसरीकडे जातात, आणि जातात तिथे त्यांना हो म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

कागद होऊ शकतो, आणि फुकट होऊ शकतो, म्हणून जास्त वाईट वाटतं. पीजीएस नावाची केंद्राच्या कृषी खात्याची पद्धत आहे. एका गावातले किंवा शेजारपाजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात, एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांना जामीन राहतात. एकाने लबाडी केली तर गटाचं नाव जातं. बदलाच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’, नंतर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. निर्यातीला हे चालत नाही, पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला पुरे. ज्या कोरडवाहू पट्ट्यात मुळातच फवारा चालत नाही, तिथे मुख्यतः बी आणि गोणी एवढंच सोडवायचं आहे. सांगोल्याच्या डाळिंबापेक्षा हे कितीतरी सोपं. अण्णाला सांगितलं तर तो म्हणाला, “आक्का, वही कोण लिहिणार? आणि भाव कोण देणार?” पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे, भाचीची बारावी झाली आहे, तिचं अक्षर चांगलं आहे. दुसऱ्याचं नाही. दोन वर्षं कमी उतारा सोसायला त्याला आधी भावाचा शब्द हवा, आणि मी एकटी किती पोती उचलणार?

मी सगळ्यांनी एका रात्रीत सेंद्रिय व्हावं असंही म्हणत नाही. श्रीलंकेने २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला, आणि तरी त्या हंगामात भात कोसळला. उसाच्या आणि डाळिंबाच्या शेतकऱ्याला उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला सोपं आहे त्याच्यापासून सुरुवात व्हावी, एवढंच.

तेव्हा मागणी अशी. कृषी विभागाने मंगळवेढ्यात ज्वारीचे पीजीएस गट करताना बिनऔषधाचं मालदांडीचं बी वेळेवर, म्हणजे सप्टेंबरच्या आत, द्यावं. जिल्ह्यात ज्वारीवर काम करणारं कोरडवाहू संशोधन केंद्र आहे, तेव्हा बी कुठून आणायचं हा प्रश्न पडू नये. अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीला मिठाईच्या दुकानांत जशी तपासणी होते तशी एकदा ‘सेंद्रिय’ पाट्यांची करावी. गुळापासून सुरू केलं तर दिवसभरात पुष्कळ हाती लागेल. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्ताने होम मैदानावर जे कृषी प्रदर्शन भरतं, तिथे ‘सेंद्रिय’ पाटीच्या प्रत्येक गाळ्यावर प्रमाणपत्राची प्रत दर्शनी लावायला लावावी. नसेल त्याने साधं ‘गावचा माल’ लिहावं, माझी काही हरकत नाही, मीच घेईन.

आपल्याकडेही एक मागणं आहे. आपण रोज बाजारभावाची चौकट छापता. त्यात मालदांडीचा किमान, कमाल, सरासरी दर असतो. त्याखाली प्रमाणित सेंद्रिय ज्वारीची एक ओळ सुरू करावी. सुरुवातीला तिथे रोज ‘आवक नाही’ असंच छापावं लागेल. छापा. अण्णा चौकट रोज बघतो.

पत्र लांबलंय, काटछाट करायला हरकत नाही. गुळाचा मजकूर मात्र ठेवावा.

आपली,
एक भाकरीवाली
जुळे सोलापूर